पेढीचे कुलूप आणि माडीचा स्विच

छत्रीबागेतील आपल्या अनेक घरांची रचना एकसारखी आहे : खाली पेढी अथवा गोदाम, वर बिऱ्हाड. विजेचे मीटर व मेन स्विच खालीच. तेथून एक केबल माडीवर जाते आणि तेथील लहान बोर्डावर दिवे, पंखे, गिझर चालतात. दिवसा ही व्यवस्था सोयीची आहे. परंतु रात्री पेढीस कुलूप लागले की मेन स्विचही कुलपात जातो, हे आपल्या ध्यानी येत नाही.

आमच्या ध्यानी ते गेल्या पावसाळ्यात आले. मध्यरात्री माडीच्या बोर्डातून जळका वास येऊ लागला. प्रवाह तोडण्याचे साधन वर नव्हते आणि पेढीची किल्ली मुनीमजींच्या घरी! ती येईपर्यंत आम्ही मुलाबाळांसह रस्त्यावर उभे होतो. जिवावरचे बोटावर निभावले.

वास्तविक नियम जुनाच आहे. पुरवठा जेथे सुरू होतो त्याच्या शक्य तितक्या जवळ, सहज हाती येणारा व प्रवाह पूर्णपणे तोडणारा स्विच असावा, असे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतच सांगितले होते. आमचे मत असे की, 'सहज हाती' म्हणजे कोणाच्या, हे माडीवर झोपणाऱ्यांकडे पाहून ठरवावे.

यास्तव माडीच्या केबलला खाली, तिच्या जाडीस साजेसा एमसीबी असावा. माडीच्या बोर्डात फेज व न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा स्विच असावा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही असावा. एमसीबी तारेस जपतो. माणसास जपतो तो आरसीसीबी. तो खरा हिशेबनीस आहे. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने परत आला की नाही, याचा मेळ तो अखंड घालतो व तूट ३० मिलिअँपिअर झाली की पुरवठा तोडतो. म्हणूनच बोर्डात न्यूट्रल व अर्थिंग एकत्र जोडू नयेत; दोन खाती मिसळली की मेळ बिघडतोच.

रोकडीत एका रुपयाची तूट निघाली तर आपण रात्र जागवतो. या बोर्डाकडे मात्र वर्षानुवर्षे पाहत नाही. येत्या दिवाळीत रोषणाईच्या माळा लावण्यापूर्वी परवानाधारक ठेकेदाराकडून तो तपासून घ्यावा. आणि स्विच कोठे आहे, हे घरातील आजींपासून नातवापर्यंत सर्वांस दाखवून ठेवावे, अशी सभासद बंधुभगिनींस आमची आग्रहाची विनंती आहे.