क्रेडिट जमा झाले, पण वटणार कुठे?

नव्या शैक्षणिक धोरणाच्या कार्यशाळांत एक आश्वासन हमखास ऐकू येते. विद्यार्थ्याने कुठेही शिकावे, मधेच थांबावे, दुसरीकडे जाऊन पूर्ण करावे. मिळवलेली क्रेडिट त्याच्याबरोबर जातील. आश्वासन गोड आहे, पण निम्मेच खरे आहे. उरलेल्या निम्म्याची किंमत पुणतांब्यासारख्या गावातल्या मुलांना जास्त मोजावी लागते, कारण कॉलेज बदलण्याची पाळी त्यांच्यावर हौसेने येत नाही.

बारावीनंतर इथली मुले कोपरगाव, श्रीरामपूर, राहाता, लोणी गाठतात. एक-दोन वर्षे निघतात आणि मग काहीतरी घडते. कांद्याला भाव मिळत नाही, मुलगा चाकणला कंपनीत लागतो. मुलगी लग्न होऊन वैजापूर तालुक्यात जाते. गोदावरीपलीकडे, थोड्याच अंतरावर. पण जिल्हा बदलतो आणि पुणे विद्यापीठाची हद्द संपून छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाची सुरू होते. १ जून २०१७ ला ज्या गावातून शेतकऱ्यांचा संप पेटला, तिथे शेतमालाचा भाव आणि पोरांची फी यांचा संबंध कुणी समजावून सांगायला नको.

आधी विरोधकांचा मुद्दा घेऊ. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा देऊन बाहेर पडायची सोय करणे म्हणजे गरिबांच्या गळतीला राजमान्यता देणे, असे अनेक प्राध्यापक म्हणतात. त्यांची कळकळ खरी आहे, निष्कर्ष चुकीचा. पोरे याआधीही गळत होतीच, फक्त रिकाम्या हाताने. दोन वर्षे शिकलेल्या मुलाची नोंद बायोडेटावर 'बारावी पास' एवढीच व्हायची. आता पहिल्या वर्षाची ४० क्रेडिट आणि वर ४ क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यासक्रम केला तर हातात काहीतरी पडते, आणि तीन वर्षांच्या आत परत येता येते. सोय वाईट नाही. वाईट आहे ती परतीच्या वाटेची अवस्था, आणि तिच्याविषयी ना विरोधक बोलतात ना समर्थक.

विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम काढले. विद्यार्थ्याचे खाते उघडते, क्रेडिट साधारण सात वर्षे टिकतात. पण या खात्यात विद्यार्थी स्वतः काहीही भरू शकत नाही. ते काम संस्थेचे. म्हणजे परीक्षा विभागाने निकाल वेळेवर चढवला नाही, तर दोन वर्षे शिकलेल्या मुलाच्या खात्यात शून्य. समजा, चढवला. तरी आपल्या कोणत्या विषयाच्या बदल्यात कोणता विषय धरायचा, हे नवे विद्यापीठ ठरवते. इकडे एखादा विषय ४ क्रेडिटचा, तिकडे तोच २ आणि २ असा मोडलेला. इकडे जो मेजर, तो तिकडे मायनर. मग एलिजिबिलिटी विभागात फेऱ्या सुरू होतात. खाते दिल्लीत चालते आणि निर्णय त्या विभागाच्या टेबलावर होतो, हे कार्यशाळेत कुणी सांगत नाही.

त्याहून अवघड गोष्ट साध्या अंकगणितात आहे. पदवी जी संस्था देणार, तिच्याकडूनच किमान ५० टक्के क्रेडिट मिळवावी लागतात. तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटची धरली तर बाहेरची ६० चालतील. आमची वैजापूरला गेलेली मुलगी दोन वर्षांची ८० घेऊन जाते, त्यातली २० तिथेच गळाली. एक सबंध सेमिस्टर! तिने चार वर्षांची १६० क्रेडिटची ऑनर्स पदवी घ्यायचे ठरवले तर ८० च्या ८० बसतात, पण सासरी गेलेल्या मुलीला एक वर्ष वाढवून घे म्हणायचे, हा सल्ला देणाऱ्याने एकदा तिच्या घरी जाऊन द्यावा.

'मग सरसकट सगळे स्वीकारा म्हणता? दर्जाचे काय?' हा पुढचा आक्षेप. याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात वर्षानुवर्षे चालू आहे, फक्त त्याला कुणी क्रेडिट ट्रान्सफर म्हणत नाही. लोणीच्या किंवा कोपरगावच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केलेला मुलगा कॅप राउंडमधून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसतो. सीईटी नाही, डिप्लोमाच्या टक्क्यांवर. दहावीनंतर या वाटेने तीन आणि तीन, बारावीच्या वाटेने दोन आणि चार. दोन्हीकडे सहाच वर्षे. पुणतांबा जंक्शनला गाडी शिर्डीच्या फाट्याला वळते तेव्हा कुणी दौंडपासूनचे तिकीट पुन्हा मागत नाही, तसेच हे. आणि हे चालते, कारण प्रत्येक कॉलेज एकेक विषय तोलत बसत नाही. डिप्लोमा म्हणजे पहिले वर्ष झाले, हे राज्याने एकदाच ठरवून टाकले आहे.

डिप्लोमाची मुले गणितात अडखळतात, ही तक्रार खोटी नाही. दुसऱ्या वर्षाचे गणित त्यांना जड जाते. पण ड्रॉइंग आणि वर्कशॉपमध्ये हीच मुले बारावीवाल्यांना शिकवतात. उणीव गणिताची असेल तर गणिताचे जादा वर्ग घ्या. त्यासाठी सबंध वर्ष कापणे म्हणजे दर्जा राखणे नव्हे, आपला आळस राखणे आहे.

ज्या अमेरिकेचे दाखले आपण ऊठसूट देतो, तिथेही हे आपोआप घडलेले नाही. दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजे आणि चार वर्षांची विद्यापीठे ही जोडी तिथे शंभर वर्षे जुनी आहे. तरीही कॉलेज बदलणाऱ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट बुडतात, असा अंदाज तिथल्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने २०१७ मध्ये मांडला. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदा करून ठरावीक ६० युनिटची पदविका बांधून दिली. ती पूर्ण करणाऱ्याला राज्य विद्यापीठाच्या व्यवस्थेत प्रवेशाची हमी, तोही तिसऱ्या वर्षाचा दर्जा धरून. विद्यार्थ्याने नंतर भांडावे यापेक्षा संस्थांनी आधी बसावे, एवढाच त्या कायद्याचा मथितार्थ.

आपल्याकडेही तेच हवे. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या पहिल्या दोन वर्षांसाठी शेजारी विद्यापीठांनी समकक्षतेचा तक्ता प्रवेश सुरू होण्याआधी जाहीर करावा, म्हणजे मुलीला टीसी काढण्यापूर्वीच कळेल की आपले काय टिकणार आणि काय जाणार. एखादा विषय नाकारायचा तर कारण लेखी द्यावे, तोंडी 'बसत नाही' चालणार नाही. तीन वर्षांच्या पदवीला ५० टक्क्यांची अट ढिली करावी, ही मागणी राज्याने आयोगाकडे रेटावी. अभ्यासमंडळे आणि विद्या परिषदा एरवीही अभ्यासक्रमांच्या कागदांवर तासन्‌तास घालवतात. पुणे आणि संभाजीनगरच्या मंडळींनी एकत्र बसून मराठी, अर्थशास्त्र आणि वाणिज्य या तीन विषयांपासून सुरुवात केली, तरी येत्या जूनचे प्रवेश त्या तक्त्यावर करता येतील.