प्रकाशाच्या साहाय्याने औषधनिर्मिती

वसईचा बागाइतदार केळीवर वा पानवेलीवर औषध फवारतो, तेव्हा तो त्याचा भाव व गुण पाहतो. ते तयार कसे झाले, हे सहसा विचारीत नाही. आमच्या मते ते विचारावे. आपल्याच जिल्ह्यात तारापूर येथे औषधे व रसायने तयार होतात, आणि तेथील सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला २०१६ साली हरित न्यायाधिकरणाकडे जावे लागले.

दृश्य प्रकाशाने चालणाऱ्या उत्प्रेरकांचा अभ्यास २००८ पासून झपाट्याने वाढला आहे. असा उत्प्रेरक प्रकाश शोषून एका रेणूचा इलेक्ट्रॉन दुसऱ्यास पोचवितो व स्वतः पूर्ववत होतो. ज्या क्रियेस एरवी तीव्र उष्णता किंवा जहाल द्रव्ये लागत, ती पुष्कळदा साध्या तपमानात घडते. मग टाकाऊ द्रव्येही कमी उरू शकतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गणेश पांडे यांनी प्रकाशप्रेरित इलेक्ट्रॉन-संक्रमणावर त्यापूर्वीच काम केले होते.

अडचणी आहेतच. रुथेनियम, इरिडियम हे धातू महाग. शिवाय मोठ्या टाकीत प्रकाश खोलवर पोचत नाही (गढूळ विहिरीचा तळ दिसत नाही, तसेच हे), म्हणून द्रव बारीक नळ्यांतून वाहता ठेवावा लागतो. तरीही नव्या कारखान्यास परवानगी देताना ही रीत तपासून पाहण्याची अट असावी. अर्थात विद्रावके याही रीतीत लागतात, तेव्हा सांडपाण्याच्या शुद्धीकरणातून कारखानदारास सूट मिळू नये.