संमतीची सही की सौद्याचं हत्यार?

गेल्या महिन्यात वडाळा नाक्याजवळ राहणारी एक बहीण कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आली. तीन वर्षांपासून ती दोन मुलांसह माहेरी आहे. सुट्टीत मुलांना शारजाला मामाकडे न्यायचं होतं. पासपोर्टच्या अर्जावर सही करायला नवऱ्याने अट घातली : आधी पोटगीचा दावा मागे घे. ती म्हणाली, "आपा, मुलांची फी मी भरते, दवाखाना मी करते. मग सहीसाठी परत त्याच्याच दारात जायचं का?"

उत्तर आहे : जायलाच हवं असं नाही. पण हे आपल्या वस्तीत कुणी सांगत नाही.

अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टसाठी आई-वडील दोघांची संमती असेल, तर 'ॲनेक्शर डी' भरतात. एकाची संमती मिळत नसेल, तर अर्ज करणाऱ्या पालकाने 'ॲनेक्शर सी' भरायचं असतं. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम सोपे केले. ही प्रतिज्ञापत्रं आता साध्या कागदावर चालतात, नोटरी लागत नाही. अर्जात आई किंवा वडील, एकाचंच नाव दिलं तरी चालतं.

तरीही दुसऱ्या पालकाने लेखी हरकत घेतली की फाईल अडते आणि 'कोर्टाचा आदेश आणा' असं उत्तर येतं. अशाच एका प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महत्त्वाचा निकाल दिला. सतरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीची जपानच्या अभ्यासदौऱ्यासाठी निवड झाली होती. आई-वडिलांचा घटस्फोटाचा वाद चालू होता आणि वडील संमती देत नव्हते. आईने 'ॲनेक्शर सी' दिलं होतं. परदेशी जाण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये येतो, केवळ वडिलांच्या नकारामुळे तो हिरावता येणार नाही, असं सांगून न्यायालयाने दोन आठवड्यांत पासपोर्ट देण्याचा आदेश दिला.

बापाची बाजूही ऐकली पाहिजे. मूल परदेशी गेलं आणि परत आणलंच नाही तर? ही भीती खोटी नाही. मुलांना परस्पर परदेशी नेण्यासंबंधीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. पण त्यावर उपाय कोर्टात आहे. परतीची तारीख, पत्ता, हमी अशा अटी बापाला मागता येतात. पोटगीच्या बदल्यात सही मागणाऱ्याला मात्र मुलाची काळजी आहे, असं मी मानत नाही.

आपल्याकडे आणखी एक गाठ आहे. व्यक्तिगत कायद्यात लहान मुलांचा सांभाळ आईकडे, पण 'वली' बाप, असं मानलं जातं. त्यामुळे बायका कागदापर्यंत पोहोचण्याआधीच हार मानतात. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली पालक नेमताना कोर्ट मुलाचं हित पाहतं. तिथे आईलाही अर्ज करता येतो.

बहिणींना दोन गोष्टी कळकळीने सांगते. नवऱ्याची खोटी सही कधीही करू नका. पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ प्रमाणे खोटी माहिती देणं गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरं, कोर्टात खटला चालू असेल तर तो लपवू नका. मुलांच्या ताब्याचा वाद असेल, तर त्याच कोर्टाकडे पासपोर्टची परवानगी मागा.

आणि जमातीतल्या वडीलधाऱ्यांना विनंती आहे. समेटाच्या बैठकीत मेहेर आणि सामान यांची यादी होते. त्याच कागदावर मुलांचे दाखले, आधार आणि पासपोर्ट यांच्यासाठी दोघांची संमतीही लिहून घ्या. नवरा-बायकोचं नातं तुटलं तरी मुलांचे कागद अडता कामा नयेत.

त्या बहिणीने दावा मागे घेतलेला नाही. आम्ही 'ॲनेक्शर सी' भरलं आहे. सगळं खरं खरं लिहून.