सीमेचा बहाणा आणि हिमबिबट्या

हिमालयातील जीवसृष्टीच्या रक्षणाचा विषय निघाला की एक ठरावीक उत्तर ऐकू येते : ‘आधी सीमेचे तंटे मिटू द्या, मग प्राण्यांचे पाहू.’ ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. वस्तुतः ती पळवाट आहे.

सियाचिनवर १९८४ पासून फौजा समोरासमोर उभ्या आहेत. तेथील अडचण कुणीही मान्य करील. पण कांचनगंगेच्या परिसरात कोणता तंटा आहे? हा पर्वत नेपाळ व सिक्कीम यांच्या सरहद्दीवर उभा आहे. भारत-नेपाळांत कालापाणीचा वाद आहे खरा, पण तो पार दुसऱ्या टोकाला. येथे तर माणसांना सीमा ओलांडायला पासपोर्टही लागत नाही! सिक्कीमचे राष्ट्रीय उद्यान १९७७ चे, नेपाळचे संरक्षित क्षेत्र १९९७ चे; दोन्ही एकाच शिखराला टेकलेली, कारभार मात्र वेगळा.

नेपाळने २०१३ साली याच भागात हिमबिबट्याच्या गळ्यात प्रथम उपग्रह-पट्टा बांधला. पुढे असे पट्टेधारी बिबटे सरहद्द ओलांडून गेल्याचे आढळले. त्याच वर्षी बिश्केक येथे बारा देशांनी या प्राण्याच्या रक्षणाचा जाहीरनामा काढला. त्यानंतर भूतानने १३४, भारताने ७१८, नेपाळने ३९७ असे आपापले आकडे जाहीर केले. खिंडीच्या दोन्ही अंगांना फिरणारे जनावर कुणाच्या वहीत धरायचे? दोघांच्याही वहीत असेल, तर ती गणती नव्हे, प्रतिष्ठेचा हिशेब होय.

याकांची हकीकत तर अधिक बोलकी आहे. १९६२ च्या युद्धानंतर तिबेटची सीमा बंद झाली आणि तिकडचे वळू येईनासे झाले. अलीकडच्या कळपांत जवळच्या रक्ताचा संकर वाढला. जनावरे खुजी झाली, दूध आटले. २००६ साली नथुला व्यापारासाठी उघडली, तेव्हा आयातीच्या यादीत याकचे केस आणि शेपूट होते; जिवंत याक नव्हता! अशा खंगलेल्या कळपातले एक वासरू बिबट्याने नेले, तर त्या घराने संरक्षणाचे गोडवे कोणत्या तोंडाने गावेत?

काठमांडूत १९८३ पासून आठ देशांची एक पर्वतसंस्था आहे. आराखड्यांना तोटा नाही. तोटा आहे तो जागेवरच्या अधिकाराचा. सैन्याचे अधिकारी सीमेवर ध्वजबैठक घेतात, मग वनाधिकाऱ्यांना ती का नसावी? एकाच ऋतूत, एकाच पद्धतीने, दोन्हीकडची छायाचित्रे एकत्र ताडून गणती व्हावी. पशुवैद्यांच्या तपासणीनंतर वळूंची देवघेव व्हावी. नेपाळ आणि सिक्कीम यांच्यात तरी एवढे करायला कुठल्याही शांतता-कराराची वाट पाहावी लागत नाही.