चिखल जुलैतला, श्रमदान डिसेंबरातलं

हिवाळी सुट्टी जवळ आली की कॉलेजच्या ग्रुपवर एनएसएसच्या कॅम्पची नोटीस पडते. सात दिवस दत्तक गावात मुक्काम, सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री शेकोटीभोवती धमाल. श्रमदानाच्या यादीत एक काम बऱ्याचदा असतं, ते म्हणजे पाणंद दुरुस्त करण्याचं. विदर्भात तिलाच पांदण म्हणतात. शेताकडे आणि वस्तीकडे जाणारी ही वाट पावसाळ्यात चिखलात बुडते. मग वस्तीवरच्या पोरांची शाळा बुडते, डेअरीला दूध पोचवायला उशीर होतो आणि आजारी माणसाला खाटेवरून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. काम मोलाचं आहे, यात वाद नाही. पण आपण घाम गाळून आल्यावर पुढच्या जुलैत त्या वाटेवरून चालता येतं का, हे कोण बघतं?

अनेकदा ती वाट पुन्हा जशीच्या तशी होते. डिसेंबरात सगळं ठणठणीत कोरडं असतं. खड्डे दिसतात, पण पाणी कुठून येतं आणि कुठे साचतं ते दिसत नाही. मग मुरमाची ट्रॉली येते, पाट्या हातोहात पुढे सरकतात, मुरूम पसरतो, फोटो निघतो. खालची काळी माती मात्र पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. पाणी तिच्यातून लवकर झिरपत नाही. वर ट्रॅक्टर गेला की मुरूम मातीत रुततो आणि चिखल वर येतो.

म्हणजे आधी बंदोबस्त पाण्याचा करायला हवा. वाटेच्या चढाकडच्या बाजूने चर खणून पाणी उताराला काढून द्यायचं. ओहळ वाट ओलांडतो तिथे पाइप टाकून मोरी करायची. वाटेचा मधला भाग थोडा उंच ठेवून दोन्ही बाजूंना उतार द्यायचा. मग खाली मोठे दगड, वर बारीक दगड, त्यावर मुरूम, पाणी मारून धुमसाने चोपायचं. यातलं चर खणणं, दगड वेचणं आणि रचणं विद्यार्थ्यांना नक्की जमतं. मोरीचा उतार ठरवायला मात्र जाणकार लागतो. जवळच्या पॉलिटेक्निकची सिव्हिलची मुलं सोबत घेतली, तर त्यांचाही अभ्यास होईल.

मनुष्यबळ काही कमी नाही. कॅम्पला ५० जण असले आणि रोज चार तास काम केलं, तरी सात दिवसांत १,४०० तास होतात. अडचण हिशेबाच्या पद्धतीत आहे. एनएसएस सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी. आज दोन वर्षांत २४० तास आणि एक निवासी शिबिर पूर्ण केलं की प्रमाणपत्र मिळतं. नव्या शैक्षणिक धोरणात श्रेयांकही मिळू लागले आहेत. ते मिळावेतच. पण नोंद तासांची होते, वाट टिकली की नाही याची होत नाही.

एक आक्षेप ऐकायलाच हवा. आपण फुकट राबलो, तर गावातल्या मजुराची मजुरी बुडते का? महाराष्ट्राने १९७७ मध्येच रोजगार हमीचा कायदा केला आणि २०२१ची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनाही रोजगार हमीशी जोडूनच आखली गेली. म्हणून जे काम मंजूर होऊन मजुरांना मिळू शकतं, त्यात आपण घुसू नये. मंजुरी नसलेला पन्नास-शंभर मीटरचा खराब टप्पा घ्यावा. उरलेल्या वाटेसाठी ग्रामसभेत मागणी मांडायला, अर्ज लिहायला गावकऱ्यांना मदत करावी. तेही श्रमदानच आहे.

जागेचा प्रश्नही फावड्याने सुटत नाही. बांध कोरून वाट अरुंद झालेली असते आणि पाणी नेमकं कुणाच्या शेतात सोडायचं, यावरून भांडण पेटतं. वाट अडवली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार तहसीलदारांकडे दाद मागता येते. गावनकाशा आधी बघा, दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांशी बोला, मगच चर खणा. नाहीतर तुम्ही परत गेल्यावर चर रातोरात बुजेल.

यंदा एक बदल करून बघा. कॅम्प डिसेंबरातच होऊ दे, पण पाच-सहा जणांनी त्याआधीच्या जुलैत गावात जाऊन ती वाट एकदा चालून यावं. पाणी साचतं तिथे खुणा कराव्यात, मोबाइलवर फोटो घ्यावेत, रोज ये-जा करणाऱ्या बायांना आणि शाळकरी पोरांना विचारावं. कॅम्पनंतरच्या जुलैत पुन्हा जाऊन काय टिकलं, काय वाहून गेलं ते लिहून काढावं. हा कागद पुढच्या बॅचच्या हातात द्यावा. चूक झाली असेल, तर निदान तीच चूक पुढच्या पन्नास जणांकडून होणार नाही.