दोन दिवस गाण्यासाठी

बाई घराबाहेर पडली की तिला पहिला प्रश्न येतो, "कशाला?" या प्रश्नाची मान्य असलेली उत्तरं ठरलेली आहेत. देवाला चालले. दवाखान्यात चालले. भावाकडे लग्न आहे. कामाला चालले. चळवळीने या यादीत आणखी काही उत्तरांची भर घातली: मीटिंगला, प्रशिक्षणाला, मोर्चाला, ग्रामसभेला. पण "गाणं ऐकायला चालले" हे उत्तर अजून यादीत नाही. कुणी ते दिलंच, तर घरातले आधी हसतात आणि मग संशय घेतात.

धाराशिव जिल्ह्यातल्या काही गावांमधल्या बचत गटांच्या बायकांबरोबर आम्ही सध्या एक बेत आखतो आहोत. डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव होतो. त्यातले शेवटचे दोन दिवस, शनिवार-रविवार, तिथे जायचं. मंडपात गाणं सुरू होईपर्यंतचा वेळ मोकळा असतो, त्यात आपली आपण गाण्याची कार्यशाळा घ्यायची आणि नंतर गाणं ऐकायला बसायचं. बेत मांडल्यावर पहिला प्रश्न तिकिटाचा आला नाही. एक जण म्हणाली, "ताई, घरी काय सांगू? ट्रेनिंग हाय म्हणून सांगू का?"

आमच्यातल्या काही कार्यकर्त्यांनाही हा मार्ग सोपा वाटतो. संस्थेच्या कागदावर 'नेतृत्व विकास प्रशिक्षण' असं लिहून पत्र द्यावं. नवरा, सासू कुणी अडवणार नाही. बायका एकदा बाहेर तर पडतील, खरंखोटं मागाहून बघू. या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. ज्या बाईला खरं सांगितल्यावर मार खावा लागेल, तिने घरी काय सांगायचं ते तिनेच ठरवावं. खोटं बोलून स्वतःसाठी जागा काढणं ही बायकांची जुनी रीत आहे आणि त्याबद्दल तिला दोष देण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण एकट्या बाईने जगण्यासाठी काढलेली वाट वेगळी आणि संघटनेने आपल्या नावावर केलेलं विधान वेगळं. संघटनेनेच गाण्याला प्रशिक्षण म्हटलं, तर गाणं हे बाईने घर सोडण्याचं पुरेसं कारण नाही, हे घरच्यांचं म्हणणं आपणही मान्य केल्यासारखं होतं.

आज मान्य असलेली उत्तरं तरी कुठे आपोआप मान्य झाली? १९७२च्या दुष्काळात आपल्याकडच्या बायका हजारोंनी खडी फोडायला सरकारी कामांवर आल्या. त्यांतल्या अनेकींनी तोवर परक्याच्या कामावर पाऊल टाकलेलं नव्हतं. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली मंजूर झाला आणि १९७९ पासून अमलात आला. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात उमरगा-लोहारा भागातली घरं पडली, आणि नवी घरं बांधताना बायका बैठकांना बसू लागल्या, बांधकामाचं मोजमाप विचारू लागल्या. त्याच वर्षी ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या. ग्रामसभेला निघालेल्या पहिल्या बायकांनी "देवळात चालले" असं सांगितलं असतं, तर ग्रामसभा हे उत्तर कधीच रुळलं नसतं.

यातही एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. कामाला जायचं ते पोटासाठी, बैठकीला जायचं ते घरासाठी, ग्रामसभेला जायचं ते गावासाठी. बाई बाहेर पडली ती दर वेळी कुणासाठी तरी. देवाला जाते तीसुद्धा बहुधा नवऱ्याच्या, लेकरांच्या नवसासाठी. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरपर्यंत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर रस्ता माणसांनी भरून जातो. त्यात बायका असतात, रात्रभर चालतात, आराध्याची गाणी म्हणतात. त्यांना कुणी "कशाला?" म्हणत नाही. म्हणजे अडचण अंतराची नाही, रात्रीची नाही, आणि गाण्याचीही नाही. बाईला स्वतःला गाणं हवं आहे, एवढ्याच कारणाने ती निघाली आहे, ही खरी अडचण आहे.

भाकरीचा प्रश्न सुटला नाही तोवर गाण्याचं काय, असं आपल्यातल्याच काहीजणी विचारतात. पण विश्रांतीचा हक्क आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क, हे दोन्ही १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात आहेत. स्त्रियांवरील सर्व प्रकारचे भेदभाव नष्ट करण्याच्या १९७९च्या आंतरराष्ट्रीय कराराचं १३वं कलम तर स्पष्टच सांगतं: करमणूक, खेळ आणि सांस्कृतिक जीवनाची सर्व अंगं यांत स्त्रीला पुरुषाइतकाच हक्क आहे. भारताने १९९३ साली या कराराला मान्यता दिली. आपण शिबिरांत त्यातली मालमत्तेची, कामाची, आरोग्याची कलमं शिकवतो. १३व्या कलमाशी आलो की घाईने पुढे जातो.

आणि हा हक्क वेळेशिवाय मिळत नाही. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं. मुलांचं, म्हाताऱ्यांचं करणं यात धरलेलंच नाही. तेव्हा सहलीच्या नियोजनातला सगळ्यात मोठा मुद्दा गाडीचा नसून चुलीचा आहे. नेहमीचा अनुभव असा की, बाई प्रशिक्षणाला गेली की तिचं काम जावेवर, सासूवर किंवा थोरल्या मुलीवर पडतं. मुलगी शनिवारची शाळा बुडवून भाकरी थापते आणि आई पुण्यात समानतेची गाणी म्हणते, असं होता कामा नये. म्हणून गटात एक अट घालावी असं मला वाटतं: जी येईल तिच्या घरातल्या पुरुषाने दोन दिवस चूल आणि गोठा सांभाळायचा. निघण्याच्या महिनाभर आधी गटाने घरोघरी जाऊन हे पुरुषांशीच बोलायचं. एकट्या राहणाऱ्या बाईच्या शेळ्या मागे राहणाऱ्या मैत्रिणींनी आळीपाळीने बघायच्या. हे जमवताना जी भांडणं होतील, ती सहलीतली अडचण समजू नयेत. ती आपल्या कामाचाच भाग आहेत.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सवाईचं गाणं हे शहरातल्या, वरच्या जातींतल्या लोकांचं, तिथे आपल्या बायका कशाला? आपल्याकडे आराध्याची गाणी आहेत, भीमगीतं आहेत, ओव्या आहेत. आक्षेप खरा आहे. मंडपात आपल्यासारख्या बायका फारशा दिसत नाहीत. पण ज्यांच्या स्मरणार्थ १९५३ साली हा उत्सव सुरू झाला, त्या सवाई गंधर्वांच्या शिष्या गंगूबाई हनगल यांचं आयुष्य आठवावं. कनिष्ठ मानलेल्या जातीत जन्मलेल्या या मुलीने लहानपणापासून अवहेलना सोसली. गाणं शिकायला ती हुबळीहून कुंदगोळला रेल्वेने जात असे आणि रात्री परत येत असे. त्यांच्या आधी हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि कुलीन-अकुलीनतेचे टोमणे ऐकत गाणाऱ्या बाईसाठी रंगमंचावर जागा केली. गाण्यासाठी घराबाहेर पडणं हे या बायकांनी शंभर वर्षांपूर्वी केलं. त्यांनी उघडलेल्या दारातून ऐकायला आत कोण गेलं, हा प्रश्न मात्र राहिला. मंडपातली जागा वरच्यांची म्हणून सोडून दिली, तर ती त्यांचीच राहील.

पण तिथे आपण फक्त शिकायला जात नाही, म्हणूनच सकाळच्या कार्यशाळेचा आग्रह. युरोपात, विशेषतः आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये, ज्याला केल्टिक संगीत म्हणतात त्याच्या उत्सवांमध्ये ही पद्धत रुळलेली आहे. आयर्लंडमधल्या मिलटाऊन मलबे या छोट्या गावात १९७३ पासून दर जुलैमध्ये दिवसा वाद्यांचे आणि गाण्याचे वर्ग भरतात आणि संध्याकाळी सगळे मिळून वाजवतात. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर विणलेलं लोकरीचं कापड घट्ट व्हावं म्हणून बायका फळीभोवती बसून ते ओलं कापड एका लयीत आपटत. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी धृपद धरायचं. पुढे ते काम हातांकडून गेलं. गाणी राहिली, कारण ती लिहून, ध्वनिमुद्रित करून ठेवली गेली आणि आता कार्यशाळांतून शिकवली जातात.

हे वाचताना जातं आठवल्याशिवाय राहत नाही. गावात गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओवीची वेळ गेली. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांच्या पुढाकाराने, मुळशीच्या गरीब डोंगरी संघटनेतल्या बायकांच्या सहभागाने सुरू झालेल्या कामातून महाराष्ट्रभरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. पण आपल्या गटातल्या साठीच्या बायकांना ज्या ओव्या येतात, त्या त्यांच्या सुनांना येत नाहीत. सुनांनी ऐकायला बसावं असा वेळच घरात नसतो. तो वेळ या दोन सकाळी मिळेल. पहिल्या सकाळी म्हाताऱ्या बायकांनी ओवी आणि आराध्याची गाणी शिकवावीत, भीमगीतं म्हणणाऱ्यांनी ती शिकवावीत. दुसऱ्या सकाळी एखाद्या गायिकेने येऊन तानपुरा म्हणजे काय, ताल कसा मोजायचा, राग कसा उलगडत जातो हे साध्या भाषेत सांगावं आणि आदल्या दिवशी ऐकलेल्यावर बोलावं. तबला आणि संबळ हातात घेऊन बघता यावेत. गोंधळात संबळ वाजवणारे हात बहुतेक पुरुषांचेच असतात. आपण आयुष्यभर तो ऐकला, त्याला हात किती जणींनी लावला?

आता व्यवहार. पुणे अडीचशे किलोमीटरच्या आसपास. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मं भाडं आहे. शुक्रवारी रात्रीची लातूर-मुंबई रेल्वे धरली, तर पहाटे पुण्यात पोचता येतं. मंडपात खुर्च्यांबरोबर भारतीय बैठकही असते, आपल्याला तीच सोयीची. मुक्कामासाठी पुण्यातल्या मैत्र संघटनांचं सभागृह मागावं. पहिल्या दिवसाची भाकरी-चटणी सोबत. लहान लेकरू असलेल्या बाईने ते घेऊन यावं आणि त्याला सांभाळण्याची पाळी सगळ्यांनी घ्यावी. पैशासाठी आतापासून गटात दरमहा वेगळी रक्कम टाकावी आणि जिची दोन दिवसांची मजुरी बुडते तिचा वाटा इतरांनी उचलावा. हा खर्च हिशोबात 'प्रवास व प्रशिक्षण' या सदराखाली लपवायचा नाही. 'गाण्याची सहल' अशीच नोंद करायची.

एक अडचण मात्र या बेताने सुटत नाही. कळंब, भूम, वाशी, परंडा या भागांतल्या कितीतरी बायका दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या असतात. डिसेंबरात त्या कारखान्याच्या फडावर, कोपीत असतील. गाण्याची सगळ्यात जास्त गरज असलेल्या बायकाच वगळून सहल काढली, तर ती अर्धवट राहील. म्हणून त्या निघण्याआधी, नवरात्रानंतर लगेच, तुळजापूरला दोन दिवसांची अशीच कार्यशाळा घ्यावी, आणि ती देवदर्शनाला जोडलेली नसावी, अशी माझी सूचना आहे. ती आधी व्हावी आणि पुण्याची सहल नंतर. पैसे एकीलाच पुरत असतील, तर तुळजापूरची निवडावी.

राहता राहिलं घरी न्यायचं पत्र. त्यात एवढंच लिहावं असं मी गटांपुढे मांडते आहे: "आमच्या गटातल्या बायका शनिवारी आणि रविवारी पुण्याला गाणं ऐकायला आणि गाणं शिकायला जात आहेत. सोमवारी सकाळी परत येतील. तोवर घरचं काम घरातल्या पुरुषांनी करावं." खाली गटाच्या अध्यक्ष आणि सचिव यांच्या सह्या. वाचणाऱ्या मैत्रिणींनी आपापल्या गटात हे पत्र वाचून दाखवावं, आणि कोणत्या वाक्याला जास्त विरोध झाला ते आम्हाला कळवावं.