सात वर्षांनंतरचा गंज

मोटारीचा सांगाडा गंजून मोडायला आला, तरी गाडी वरून बहुधा धडधाकटच दिसते. रंग शाबूत असतो, इंजिन कुरकुरत नाही. सांगाड्याच्या पोकळ भागात मात्र चिखल आणि खारे पाणी साचून पोलाद आतून खाल्ले जात असते. अमेरिकेत टोयोटा कंपनीच्या टॅकोमा ह्या पिकअप गाडीच्या मालकांना ह्याचा प्रत्यय आला. तेथील ईशान्येकडील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात. ह्या मिठाने त्यांच्या गाड्यांचे सांगाडे पोखरून आरपार भोके पडली होती. सांगाडा म्हणजे काही दिवा किंवा आरसा नव्हे. इंजिन, चाके, ब्रेकच्या नळ्या, सारे ज्याच्या आधाराने राहते तोच हा भाग. भर वेगात तो दगा देणार असेल, तर चालकाचे कौशल्य काय कामाचे?

मीठ रस्त्यावर होते हे खरे. पण ते सर्वच गाड्यांच्या वाट्याला येत होते. १९९५ ते २००० ह्या काळातील टॅकोमा गाड्यांच्या सांगाड्यांना गंजरोधक संरक्षण पुरेसे मिळाले नसावे, हे कंपनीलाच २००८ साली मान्य करावे लागले. तिने सांगाड्याची हमी १५ वर्षांपर्यंत वाढविली आणि निकामी ठरलेल्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट देऊन परत घेतल्या. हे औदार्य दिसते तेवढे निर्भेळ नव्हते. ही ग्राहकांसाठी स्वेच्छेने केलेली सोय होती, कायद्याने ज्याला परत-बोलावणे म्हणतात ते नव्हे. आणि तिची व्याप्ती कंपनीनेच आखलेली होती. पुढील वर्षांतील गाड्यांच्या मालकांना थांबावे लागले.

ते फार काळ ताटकळले नाहीत, ह्याचे श्रेय तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या तक्रारवहीला द्यावे लागेल. टुंड्रा ह्या मोठ्या पिकअपच्या गंजाविषयी ह्या प्रशासनाने २००९ साली चौकशी सुरू केली, तेव्हा त्याच्यासमोर अवघ्या वीसेक तक्रारी होत्या. गंजलेल्या पट्टीवरून स्टेपनी रस्त्यावर निखळून पडते, ब्रेकच्या नळ्या फुटू शकतात, असे त्यांत नोंदले होते. त्याच वर्षी थंड हवेच्या राज्यांतील सुमारे १ लाख १० हजार टुंड्रा गाड्या परत बोलावण्यात आल्या. २०१२ साली स्टेपनीच्याच कारणाने सुमारे दीड लाख टॅकोमांची पाळी आली. अखेरीस २०१६ मध्ये, आणखी नव्या गाड्यांच्या मालकांनी भरलेल्या सामूहिक दाव्यात, सुमारे १५ लाख वाहनांची तपासणी करण्याची आणि लागेल तेथे सांगाडा बदलून देण्याची तडजोड झाली. तिचे मूल्य ३४० कोटी डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज होता. कंपनीने दोष मात्र कबूल केला नाही. सांगाडे पुरविणाऱ्या डेना कंपनीकडून २ कोटी ५० लाख डॉलर तिने आधीच वसूल केले होते, ही गोष्ट ह्या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

वीस तक्रारी ही संख्या लाखो गाड्यांच्या तुलनेत नगण्य म्हणावी अशी. तरीही चौकशी झाली, कारण तेथे तक्रारींच्या संख्येइतकेच धोक्याच्या स्वरूपालाही वजन आहे. भारतात मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन ११०-अ हे कलम आले आणि सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला प्रथमच मिळाला. त्यापूर्वी, २०१२ पासून, सारी मदार उत्पादकांच्या संघटनेने स्वतः स्वीकारलेल्या आचारसंहितेवर होती. कलम चांगले आहे. वाहनमालकांचे ठराविक प्रमाण, चाचणी संस्था किंवा अन्य कोणताही स्रोत, ह्यांपैकी कोणाकडूनही आलेली माहिती त्याला चालते. सदोष सुटा भाग ज्या ज्या वाहनांत बसविला असेल ती सर्व वाहने परत बोलावण्याची तरतूदही त्यात आहे.

घोटाळा नियमांत आहे. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सक्तीचे परत-बोलावणे सात वर्षांच्या आतील वाहनांपुरतेच मर्यादित राहिले. शिवाय तक्रारींची किमान संख्या वाहनांच्या विक्रीशी जोडण्यात आली. गंज असा सात वर्षांत आटोपणारा रोग नव्हे. टुंड्राच्या ज्या गाड्या २००९ साली परत बोलावल्या गेल्या, त्यांतील सर्वांत जुन्या नऊ वर्षांच्या होत्या. देशभराच्या विक्रीवर बेतलेला आकडाही येथे आडवा येतो. कारण गंजाचा उपद्रव सर्वत्र सारखा नसतो. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात मासळी वाहणाऱ्या पिकअपची जी अवस्था होईल, ती विदर्भातील गाडीची होणार नाही. किनारपट्टीवरच्या थोड्या मालकांनी केलेली ओरड देशाच्या हिशेबात विरून जाण्याचीच शक्यता अधिक.

गंमत अशी की, जुन्या वाहनाचा धोका सरकारला ठाऊकच नाही, असे नाही. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते. मालवाहू वाहनाला आठ वर्षांनंतर दरसाल योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. म्हणजे उत्पादकाची सक्तीची जबाबदारी जेथे संपते, त्याच सुमारास मालकावरील तपासणी कडक होते. आणि त्या तपासणीत सांगाडा कुजलेला निघालाच, तर गाडी मालकाची उभी राहते, खर्चही त्याचाच. ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे, असे ह्यावर सांगितले जाईल. पण पोलादावरचा लेप कारखान्यातच पातळ होता, हे एकट्या पिकअपवाल्याने सिद्ध कसे करावे? ते काम पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेचे, आणि तिच्याकडे नमुने पाठविण्याचे काम सरकारचे.

अमेरिकेने २०१५ साली मोफत दुरुस्तीची मुदत १० वर्षांवरून १५ वर्षांवर नेली. येथे तसे करावयाचे तर संसदेकडे जाण्याचेही कारण नाही. सात वर्षांची अट मूळ कलमात कोठेही नाही; ती परिवहन मंत्रालयाने अधिसूचनेद्वारे घातलेली आहे आणि अधिसूचनेद्वारेच काढता येते.